अल्ट्रावाइड मॉनिटरवर ३४४० × १४४० चा पर्याय येत नाही किंवा येऊन पुन्हा जातो: इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर नेमकं काय होतं

माझी मावसबहीण पुण्यात डीटीपीचं काम करते. दिवाळी अंकाची पानं, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका. गेल्या वर्षी तिनं ३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर घेतला. दोन पानं शेजारी शेजारी उघडायची आणि उरलेल्या जागेत हस्तलिखिताचं स्कॅन ठेवायचं, एवढाच हिशेब होता. मॉनिटर लावला त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, अक्षरं पुसट दिसतायत रे. 'मंदिर'वरचा अनुस्वार आहे की नाही तेच कळत नाही. मुद्रितशोधन कसं करू यावर?"

तिच्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि त्यातलंच यूएचडी ६३०, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स. विंडोजच्या यादीत सगळ्यात वरचं रिझोल्युशन २५६० × १०८० दाखवत होतं. मॉनिटर मात्र ३४४० × १४४० चा.

पुढच्या तीन महिन्यांत हाच त्रास पुन्हा पुन्हा उद्भवला. पहिल्या दोन वेळा मी केलेला उपाय तात्पुरता ठरला, कारण मूळ कारणाला मी हातच घातला नव्हता. त्यानंतर ओळखीपाळखीच्या पाच-सहा जणांकडे हीच तक्रार बघितली. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आधी नक्की काय चाललंय ते बघा

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे दोन ओळी असतात: डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड. पहिली ओळ म्हणजे विंडोज चित्र कोणत्या मापात काढतं ते, आणि दुसरी म्हणजे केबलमधून प्रत्यक्ष काय जातं ते. दोन्हींत फरक दिसला, तर मधे कुठेतरी चित्र ताणलं किंवा आवळलं जातंय. खात्री करायची असेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतलं माहितीचं पान उघडा. तिथे आत येणाऱ्या सिग्नलचं रिझोल्युशन आणि सेकंदाला किती चित्रं येतात ते सांगणारे हर्ट्‌झ दिसतात.

विंडोजच्या त्याच ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर ग्राफिक्सचं नावही वाचा. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' लिहिलेलं असेल, तर इंटेलचा किंवा एएमडीचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही. मग पुढचं काही करण्याआधी तो बसवा. कित्येकांचं काम तिथेच संपतं.

बहिणीकडे ड्रायव्हर ठीक होता. २५६० × १०८० चं चित्र मॉनिटर ३४४० × १४४० वर ताणत होता, म्हणजे साधारण १.३४ पट. पट पूर्णांकात नसली की एका पिक्सेलचा ठिपका धड एका पिक्सेलवर बसत नाही आणि धड दोनवरही नाही, तो शेजाऱ्यांत पसरतो. रोमन लिपीत हे एखाद्या वेळी चालून जातं. देवनागरीत अनुस्वार, रफार, वेलांटीची गाठ हे सगळं शिरोरेषेच्या वर दोन-चार पिक्सेलांत बसवलेलं असतं. तिची तक्रार अगदी बरोबर होती, आणि 'हळूहळू सवय होईल' हे दुकानदाराचं उत्तर अगदी चूक.

३०० आणि ३२० चा हिशेब

या सगळ्या प्रकरणाचं मूळ एका आकड्यात आहे. तो आकडा कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

पडद्यावर दिसणारे पिक्सेल ३४४० × १४४०, म्हणजे ४९,५३,६००. फुल एचडीच्या जवळजवळ २.४ पट. पण केबलमधून फक्त दिसणारे पिक्सेल जात नाहीत. प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडावी लागते. ही जागा कमीत कमी ठेवणारी जी प्रमाण पद्धत आहे, तिच्यात ६० हर्ट्‌झसाठी माप होतं ३६०० × १४८१. त्याला साठनं गुणा. सेकंदाला सुमारे ३२ कोटी पिक्सेल येतात, म्हणजे ३२० मेगाहर्ट्‌झ. याला पिक्सेल क्लॉक म्हणतात.

आता दुसरी बाजू. बहिणीचा मॉनिटर एचडीएमआय या नेहमीच्या पोर्टला जोडलेला होता. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ च्या हॅसवेलपासून, ते २०२० च्या कॉमेट लेक डेस्कटॉप प्रोसेसरपर्यंत चिपमधून थेट निघणाऱ्या एचडीएमआयची कमाल मर्यादा ३०० मेगाहर्ट्‌झ आहे. एचडीएमआय १.४ च्या मानकात ३४० पर्यंत मुभा आहे, म्हणून 'कागदावर तर बसतंय की' असा वाद घालणारे भेटतात. मानक काहीही म्हणो, चिपनं ३०० वर दार लावलंय. आपल्याला हवेत ३२०. वीस मेगाहर्ट्‌झ कमी पडतात आणि तेवढ्यासाठी सगळं अडतं.

यातला सगळ्यात त्रासदायक भाग म्हणजे कुठेही सूचना येत नाही. मॉनिटर आपल्याला जमणाऱ्या मोडची, म्हणजे रिझोल्युशन आणि हर्ट्‌झच्या जोड्यांची, यादी कॉम्प्युटरला देतो, ड्रायव्हर त्यातले ३०० च्या वरचे मोड मुकाट्यानं गाळतो आणि उरलेली यादी आपल्यासमोर ठेवतो. माणसाला वाटतं मॉनिटर बिघडलाय. तो परत करायला दुकानात नेतात, दुकानदार ग्राफिक्स कार्डावर लावून दाखवतो, तिथे तो झकास चालतो, आणि घरी आणला की पुन्हा तेच.

५० हर्ट्‌झला हाच आकडा साधारण २६५ वर येतो आणि ३० हर्ट्‌झला १५८ वर. म्हणून काही जणांना पूर्ण रिझोल्युशन मिळतं, पण ५० किंवा ३० हर्ट्‌झवर. ३० वर माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो, कारण दर चित्राला ३३ मिलिसेकंद लागतात. ५० वर मजकुराचं काम व्यवस्थित होतं.

२५६० × १०८० चे २९ किंवा ३४ इंची मॉनिटर याच चिपांवर ६० हर्ट्‌झला बिनतक्रार चालतात, त्यांना २०० मेगाहर्ट्‌झच्या आत भागतं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या इंटेलची एचडीएमआयची मर्यादा २२५ होती, तिथेही ते बसतात. फक्त ३४ इंचांत २५६० × १०८० घेऊ नका, निदान मराठी मजकुराच्या कामासाठी तरी नको. इंचाला ८२ पिक्सेल पडतात. २९ इंचांत ९६ पडतात आणि ३४ इंची ३४४० × १४४० मध्ये ११०.

अकराव्या पिढीच्या डेस्कटॉपपासून, म्हणजे २०२१ पासून, इंटेलच्या चिपमध्येच एचडीएमआय २.० आलं, मर्यादा ६०० च्या घरात गेली आणि हा प्रश्न मिटला. लॅपटॉप घेताना दहाव्या पिढीत जपून. त्या पिढीत आइस लेक आणि कॉमेट लेक अशा दोन वेगळ्या चिपा आहेत. पहिलीत हे नवं एचडीएमआय आहे, दुसरीत नाही. स्टिकर दोन्हींवर दहाव्या पिढीचाच.

पहिला उपाय, जो टिकला नाही

मी काय केलं, तर इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये जाऊन ३४४० × १४४०, ५० हर्ट्‌झ असा कस्टम मोड, म्हणजे यादीत नसलेला आपण ठरवलेला मोड, तयार केला. तो लगेच लागला. अक्षरं कोरल्यासारखी दिसायला लागली आणि बहीण खूश झाली. असा मोड लावताना विंडोज १५ सेकंद थांबतं, तेवढ्यात तुम्ही होकार दिला नाही तर जुनं रिझोल्युशन परत आणतं. म्हणून पडदा काळा झाला तर घाबरून बटणं दाबू नका. हात बाजूला ठेवा आणि थांबा.

दीड महिन्यानं पुन्हा फोन. विंडोज अपडेटमधून ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर आला होता आणि कस्टम मोड पुसला गेला होता. मी तो पुन्हा बनवला. पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. ऐन दिवाळी अंकाच्या धांदलीत तिचा अर्धा दिवस त्यात गेला आणि मला फार वाईट वाटलं.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे, कारण ती फुकट आहे. काही मॉनिटरांच्या मेनूत एचडीएमआयची आवृत्ती निवडायची सोय असते, १.४ किंवा २.०. आपण सहज मोठा आकडा निवडतो. पण २.० वर मॉनिटर ६० आणि त्यावरचेच मोड सांगत असेल, तर जुनी इंटेल चिप ते सगळे गाळते आणि आपण थेट २५६० किंवा १९२० वर येतो. अशा वेळी मॉनिटरला १.४ वर ठेवा. मग तो ५० किंवा ३० हर्ट्‌झचा मोड स्वतःहून देऊ करतो, आणि मॉनिटरनंच दिलेला मोड ड्रायव्हर बदलला तरी जात नाही.

लिनक्सवर एक्सरँडआर या आज्ञेनं नवा मोड जोडता येतो, पण ३०० ची मर्यादा तिथेही सुटत नाही. ५५ हर्ट्‌झचा मोड २९३ च्या आसपास बसतो, तेव्हा मॉनिटरनं घेतला तर तिथवर जाता येतं. मी एकाकडे तसं करून दिलंय आणि ते चाललंय. तरी हा मुक्कामाचा उपाय मी मानत नाही.

खरं दार डिस्प्लेपोर्टचं

शेवटी एका रविवारी मी तिच्याकडे गेलो, कॅबिनेट टेबलाखालून ओढून काढलं आणि मागची बाजू नीट बघितली. ऑफिससाठी बनवलेला ब्रँडेड डेस्कटॉप होता. एचडीएमआयच्या शेजारी काळं प्लॅस्टिकचं टोपण होतं. ते काढलं तर आत डिस्प्लेपोर्ट, मॉनिटर जोडायचं दुसऱ्या प्रकारचं पोर्ट. मॉनिटरच्या खोक्यात एचडीएमआयची केबल आली होती, म्हणून बसवायला आलेल्यानं तीच लावली. दुसऱ्या पोर्टकडे कोणी बघितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी मीही बघायला हवं होतं.

त्याच यूएचडी ६३० च्या तपशिलात इंटेलनं एचडीएमआयवर ४के ला जास्तीत जास्त ३० हर्ट्‌झ आणि डिस्प्लेपोर्टला ४०९६ × २३०४ ला ६० हर्ट्‌झ असं लिहिलंय. चिप एकच, दारं दोन. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून सेकंदाला १७.२८ गिगाबिट माहिती जाऊ शकते. आपल्या मोडला ६० हर्ट्‌झवर लागतात ७.७. १०० हर्ट्‌झवर लागतील साधारण १३, तेही बसतात. मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर राहिली असेल तर ८.६४ मिळतात, म्हणजे ६० चालेल आणि ७५ अडेल. तेवढं तपासून घ्या.

आता केबल. बहिणीनं मी येण्याआधी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, 'डिस्प्लेपोर्टवाली' केबल मागवून ठेवली होती, पण आली ती एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट असलेली. अशी केबल एकाच दिशेनं चालते: कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटी लावली तर काहीच दिसत नाही. आणि सरळ लावूनही आपला प्रश्न सुटत नाही, कारण यातल्या साध्या, आत चिप नसलेल्या केबली जुन्या प्रकारात १६५ आणि नव्या प्रकारात ३०० मेगाहर्ट्‌झवरच थांबतात. पुन्हा तोच ३०० चा आकडा. मॉनिटरला फक्त एचडीएमआयच असेल, तर ४के ६० हर्ट्‌झ लिहिलेला ॲक्टिव्ह, म्हणजे आत चिप असलेला, ॲडॅप्टर मागा, 'ॲक्टिव्ह' हा शब्द उच्चारूनच. आपल्याला हवी होती दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेली साधी दीड-दोन मीटरची केबल.

स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलींमध्ये एक दोष अधूनमधून सापडतो. या पोर्टच्या विसाव्या पिनवर वीज असते आणि प्रमाण केबलमध्ये ती पिन दोन टोकांना जोडलेली नसते. काही केबलींमध्ये ती जोडलेली असते, मग मॉनिटरची वीज उलटी कॉम्प्युटरकडे जाते. कॉम्प्युटर बंद केला तरी आतला दिवा जळत राहतो, किंवा केबल काढल्याशिवाय तो सुरूच होत नाही. असं दिसलं तर केबल बदला, मदरबोर्डला दोष देऊ नका.

एचडीएमआयच्या केबलवर '२.०' छापलेलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. केबलींचे अधिकृत प्रकार स्टँडर्ड, हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड असे आहेत, आणि एचडीएमआय २.० च्या पूर्ण वेगासाठी प्रीमियम लागते. चित्र येतं पण दर काही मिनिटांनी क्षणभर काळं होतं, ही जवळजवळ नेहमी केबलचीच तक्रार असते.

मदरबोर्डवर डिस्प्लेपोर्टच नसेल तर

असेंबल केलेल्या स्वस्त मशीनमध्ये मागे फक्त व्हीजीए हे जुनं पोर्ट आणि एचडीएमआय असतं. व्हीजीएचा नाद सोडा. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत एचडीएमआयच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा. ४०९६ × २१६० ला २४ किंवा ३० हर्ट्‌झ असेल तर वरची मर्यादा लागू. ६० असेल तर बोर्ड बनवणाऱ्यानं डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय २.० करणारी वेगळी चिप बसवलेली आहे, मग अडचण केबलची किंवा मॉनिटरच्या मेनूची.

एएमडीच्या रायझन जी मालिकेत चित्र थोडं वेगळं आहे. २०१८ च्या पहिल्या रायझन जी प्रोसेसरपासून चिपला एचडीएमआय २.० जमतं, पण बोर्ड जुन्या बनावटीचा असेल तर पोर्ट १.४ चाच राहतो. इथेही पुस्तिकाच प्रमाण माना.

काहीच मार्ग नसेल तर डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय २.० असलेलं छोटं ग्राफिक्स कार्ड घ्या. फक्त मजकूर आणि मांडणीच्या कामासाठी महागड्या कार्डाची गरज नाही. कार्ड बसवल्यावर मॉनिटर कार्डाच्याच पोर्टला जोडा. पुष्कळ बोर्ड कार्ड दिसताच मागचे स्वतःचे पोर्ट बंद करतात. दोन्ही चालू हवे असतील तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगांत, इंटिग्रेटेड ग्राफिक्स मल्टी-मॉनिटर असा पर्याय शोधा.

आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय-५ १०४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाहीच. तिथे मदरबोर्डच्या पोर्टला काहीही लावा, पडदा काळाच राहणार.

लॅपटॉपवाल्यांसाठी

यूएसबी-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून चित्र येईलच असं नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह बघा, किंवा तपशिलात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' हे शब्द शोधा. असेल तर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल घ्या. मधे हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा, घातलात आणि त्याच्या एचडीएमआयवर '४के ३० हर्ट्‌झ' लिहिलेलं असेल, तर लॅपटॉप कितीही नवा असला तरी हबच वाट अडवतो. एकाकडे हबमुळे ३० हर्ट्‌झ येत होतं आणि तो बिचारा लॅपटॉपच विकायला निघाला होता.

मेमरीबद्दल

'ग्राफिक्सला १२८ एमबीच दाखवतंय, म्हणून मोठं रिझोल्युशन येत नाही' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की स्पष्ट लिहितो: त्याचा इथे संबंध नाही. ३४४० × १४४० चं एक चित्र सुमारे २० एमबीचं असतं, आणि इंटिग्रेटेड ग्राफिक्स लागेल तशी मुख्य रॅम वापरतं. बायोसमध्ये तो आकडा वाढवून रिझोल्युशनची यादी बदलत नाही.

रॅमच्या स्टिकांची संख्या मात्र जाणवते. पडदा ६० हर्ट्‌झवर नुसता दाखवत राहायलाच सेकंदाला सुमारे १.२ जीबी रॅममधून वाचावी लागते, वर खिडक्या सरकवणं, पीडीएफ उघडणं वेगळंच. एकच स्टिक असेल आणि खिडकी ओढताना अडखळत असेल, तर तितक्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी लावा. बहिणीच्या मशीनमध्ये आठ जीबीची एक होती, तिथे दुसरी आठची घातल्यावर मोठ्या अंकाची पानं उलटताना फरक तिला स्वतःहून कळला.

झोपेतून उठल्यावर खिडक्या विस्कटतात

डिस्प्लेपोर्टवर आल्यावर ही एक नवी तक्रार आली. मॉनिटर झोपला की विंडोजला तो काढून टाकल्यासारखा वाटतो, आणि उठल्यावर सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या असतात. मॉनिटरच्या मेनूत 'डीप स्लीप' सारखा पर्याय असेल तर तो बंद करा आणि इनपुट आपोआप शोधण्याऐवजी डिस्प्लेपोर्टवर कायम करा. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगांत, मल्टिपल डिस्प्लेजखाली, मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. उठल्यावर पडदा काळाच राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि उघडं काम जात नाही.

बहिणीच्या मशीनवर आता ३४४० × १४४०, ६० हर्ट्‌झ आहे. जुना ५० हर्ट्‌झचा कस्टम मोड मी पुसून टाकला, म्हणजे पुढे कोणी चुकून तो निवडणार नाही. त्यानंतर ड्रायव्हरची दोन अपडेटं येऊन गेली आणि रिझोल्युशन जागचं हललं नाही.